बंद वाट आणि दादाच्या गोळ्या

आजचा भाग घरी माइकसमोर बसून नाही, कर्नाळ्याला येऊन रेकॉर्ड करतोय. सकाळचे साडेसात वाजलेत. मागे जी सततची घरघर ऐकू येतेय ती मुंबई-गोवा हायवेची. मधूनच जी किणकिणती शीळ येते तो भृंगराज. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला चमचे लावल्यासारखा काळा पक्षी, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. तो मध्येच बोलला तर मी थांबेन.

आजचा विषय जरा जड आहे. डोपामिन अडवणारी औषधं घेतल्यावर माणसाच्या मनाच्या लवचीकतेचं काय होतं? आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो, पनवेलला राहतो. पण आमच्या घरात ही औषधं दहा वर्षं आहेत. माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला चोविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. हा भाग मी त्याला विचारून करतोय. त्याने दोन अटी घातल्यात: नाव घ्यायचं नाही, आणि 'बिचारा' म्हणायचं नाही.

तर दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. आम्ही दोघं इथेच आलो होतो. कर्नाळा आमच्यासाठी लहानपणापासून 'रविवारी कुठे जायचं' याचं एकच उत्तर आहे. पनवेलहून बारा किलोमीटर, एसटीने उतरलं की समोर गेट. १९६८ साली झालेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य, हे आम्हाला खूप नंतर कळलं. आमचं लक्ष असायचं किल्ल्यावरच्या अंगठ्याकडे, त्या सुळक्याकडे. वर चढायची आमची एक ठरलेली वाट आहे. त्या दिवशी त्या वाटेवर मोठं झाड आडवं पडलेलं. गार्डने दोरी बांधून ठेवली होती आणि वीस-पंचवीस पावलांवरची दुसरी वाट हाताने दाखवली.

दादाने मान डोलावली. "हो, तिकडून." आणि चालत दोरीकडे गेला. मी हाक मारली, तो परत आला. "दादा, दुसऱ्या वाटेने जायचंय." "हो रे, माहितीये." आणि पुन्हा दोरीकडे. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी ओरडलो. शाळेची सहल आली होती, त्या सगळ्या मुलांसमोर. तो काहीच बोलला नाही. दोरीवर हात ठेवून उभा राहिला.

त्याला कळलं नव्हतं असं नाही. विचारलं की बरोबर उत्तर देत होता. कळलेलं पायापर्यंत पोचत नव्हतं.

मानसशास्त्रात याच्यासाठी जुनी चाचणी आहे. १९४८ साली अमेरिकेत ग्रँट आणि बर्ग यांनी ती प्रसिद्ध केली, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट. तुमच्यासमोर पत्ते ठेवतात. कुठलं पान कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं हे कोणी सांगत नाही, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच सांगतात. तुम्ही हळूहळू ओळखता की अच्छा, रंगाने लावायचंय. सलग दहा बरोबर आले की परीक्षक गुपचूप नियम बदलतो. आता आकाराने. तुम्ही रंगाने लावता, 'चूक' ऐकू येतं. बहुतेक लोक दोन-चार चुकांत नवा नियम शोधतात. काही लोक 'चूक, चूक, चूक' ऐकूनही रंगानेच लावत राहतात. त्यातल्या काहींना तर विचारलं तर सांगताही येतं की नियम बदललाय म्हणून. हात मात्र जुन्याच गठ्ठ्याकडे जातो.

मनाची लवचीकता म्हणताना मला एवढंच म्हणायचंय. जुना नियम सोडणं, नवा पकडणं. आपण दिवसातून पन्नास वेळा हे करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. रिक्षा स्टँड हलवला, लोकल दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आली, ऑफिसात कोणीतरी पासवर्डचा नियम बदलला.

आता, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांना ही चाचणी कठीण जाते हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १९८६ मध्ये वाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चाचणी चालू असताना कपाळामागच्या मेंदूच्या भागात रक्तपुरवठा जितका वाढायला हवा तितका या रुग्णांत वाढत नाही. आणि ज्यांनी आयुष्यात या औषधांची एकही गोळी घेतलेली नाही, अशा नव्या रुग्णांतही ही अडचण दिसते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी ते वाचलं होतं आणि सोयीस्करपणे सोडून दिलं होतं. आमच्या घरचंच बघा. आजार दिसायला लागायच्या आधीच्या वर्षी दादाची कॉलेजची बस चुकली तर ट्रेनने जावं हे त्याला सुचेनासं झालं होतं. घरी परत यायचा. आम्ही म्हणायचो, आळशी झालाय. तेव्हा गोळ्या कुठे होत्या?

बरं, डोपामिन. मोबाइल बघताना मिळणारा 'आनंदाचा डोस' वगैरे जे रील्समध्ये ऐकता ते थोडा वेळ बाजूला ठेवा. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून जे दिसलं ते जास्त उपयोगी आहे. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटतात. रस अपेक्षेप्रमाणेच आला तर शांत असतात. आणि अपेक्षा असताना रस आला नाही तर नेहमीपेक्षाही मंद होतात. म्हणजे अंदाज चुकला की 'इथे बघ, काहीतरी बदललंय' असं सांगणारी ही खूण आहे. नियम बदलायचा तर आधी ही खूण पोचायला लागते.

सायकोसिसमध्ये ही खूण नको तिथे उमटते असं शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलं. समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल, बातम्या वाचणाऱ्या बाईची बांगडी, सगळ्यावर 'महत्त्वाचं' असा शिक्का. मग मन त्या शिक्क्यांची गोष्ट रचतं आणि ती गोष्ट म्हणजे भ्रम. औषध गोष्ट पुसत नाही, शिक्क्याची शाई पातळ करतं. दादा पहिल्यांदा बरा होत होता तेव्हा नेमकं असंच बोलला होता. "ते लोक आहेत अजून. पण आता मला त्यांचं काही पडलेलं नाही."

शाई पातळ झाली की ती सगळीकडेच पातळ होते, हा त्यातला पेच आहे.

इथे पाच मिनिटं जंगलात फिरू, कारण या गोष्टीचा अर्धा इतिहास आपल्या बाजूचा आहे आणि तो आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही.

सर्पगंधा. लहानसं झुडूप, सह्याद्रीच्या दमट जंगलातही होतं. मुळी औषधी. आपल्याकडे वेडावर आणि झोपेसाठी शतकानुशतकं वापरात. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिले आणि डेनिकर क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊ लागले. १९५७ चं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं त्या यादीत डेनिकर आहेत, लाबोरी आहेत, रेझर्पिन अमेरिकेतल्या मनोरुग्णालयात वापरणारे नेथन क्लाइन आहेत, आणि आपले मुंबईचे वकीलही आहेत. मुंबईतल्या किती मेडिकलच्या मुलांना हे नाव माहीत असेल, देव जाणे.

दुसरी वनस्पती तुम्हाला नक्की माहीत असणार, निदान तुमच्या कातडीला. खाजकुइली. पावसाळा संपला की तिच्या मखमली शेंगा वाटेवर लोंबायला लागतात. आठवीत असताना मी एक शेंग शर्टाच्या खिशात घातली होती, शौर्य म्हणून. पुढचं सांगत नाही. तर त्या शेंगेच्या बियांत एल-डोपा असतं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांत दाखवलं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर या बियांचा अभ्यास न्यूरॉलॉजी इंडियात छापला.

आता या दोघींना एकत्र आणा. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. रेझर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. ससे कान पाडून, डोळे अर्धवट मिटून बसून राहिले. मग डोपा टोचलं. थोड्या वेळात ससे उठून हिंडायला लागले. डोपामिन हे मेंदूत स्वतःचं काम असलेलं रसायन आहे, हे असं कळत गेलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेने बसवलेला ससा खाजकुइलीतल्या द्रव्याने उठला, असं म्हणायला हरकत नाही. दोन्ही आपल्या रानातल्या.

(भृंगराज बोलला. चला, पुढे.)

दादा घेतो ते रिस्पेरिडोन साठा रिकामा करत नाही. ते डोपामिनच्या डी-टू नावाच्या कुलपात बसतं, म्हणजे किल्ली आली तरी फिरत नाही. किती कुलपं भरली हे स्कॅनवर मोजता येतं. कपूर यांच्याच २००० सालच्या हॅलोपेरिडोलच्या अभ्यासात साधारण ६५ टक्क्यांच्या पुढे भ्रम ओसरायची शक्यता वाढली, आणि ७८ टक्क्यांच्या पुढे हात थरथरणं, अंग आखडणं यांची. मधली पट्टी अरुंद आहे. गोळी थोडी कमी पडली तर आवाज परत येतात, थोडी जास्त झाली तर माणूस लाकडासारखा होतो.

आणि लवचीकता? इथे केंब्रिजमध्ये झालेलं काम आहे, मितुल मेहता, सहाकियन, रॉबिन्स वगैरे मंडळींचं. १९९९ आणि २००४ मध्ये त्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना सल्पिराइड नावाचं डी-टू अडवणारं औषध दिलं, एकच डोस, ४०० मिलिग्रॅम. आजार नाही, भ्रम नाही, धडधाकट माणसं. तरी एका नियमावरून दुसऱ्यावर लक्ष वळवण्याच्या कामात ती अडखळली. १९९९ च्या पेपरात तर म्हटलंय की हे चित्र पार्किन्सनच्या रुग्णांच्या अडचणींसारखं दिसतं.

म्हणून 'डोपामिन जास्त तर लवचीकता जास्त' असं सरळ गणित करू नका. रोशन कूल्स यांनी २००१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना एल-डोपा चालू असताना आणि बंद असताना तपासलं. औषध चालू असताना एका कामावरून दुसऱ्यावर जाणं सुधारलं. पण कालपर्यंत बक्षीस देणारं चित्र आज देत नाही, सोड ते, अशा प्रकारचं उलटं शिकणं बिघडलं. कारण मेंदूच्या ज्या भागात डोपामिन आटलेलं होतं तिथे औषध पुरेसं झालं, आणि जिथे ठीक होतं तिथे तेच औषध जादा झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच ग्लोबल सेटिंग आहे आणि दहा सर्व्हिस त्याच्यावर चालतात. एकीसाठी वाढवलं की दुसरी कोसळते.

आता माझी चूक.

कर्नाळ्याहून परत आल्यावर आठवडाभर मी हेच वाचत बसलो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. त्यातले मला हवे तेवढे पेपर घेतले. केंब्रिजचा घेतला. गोळी न घेतलेल्या रुग्णांचा सोडला. आईसमोर लॅपटॉप ठेवून मी अक्षरशः प्रेझेंटेशन दिलं, की दादा असा झालाय तो आजाराने नाही, गोळ्यांनी. आई पदराला हात पुसत ऐकत होती. ती म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तुला कळतं." दादाला विचारलं तर म्हणाला, "तू बघ." सहा मिलिग्रॅमची गोळी आम्ही तीन केली. त्याच्या डॉक्टर मॅडमना न सांगता, एका दिवसात.

पहिले तीन आठवडे मी फार खूश होतो. दादा टीव्हीवरच्या निवेदकाची नक्कल करायला लागला. भाजीवाल्याशी घासाघीस केली. कोथिंबीर संपली होती तर स्वतःहून पुदिना आणला! मी वहीत तारखा घालून हे सगळं लिहून ठेवत होतो, जणू माझा पेपर छापून येणार होता. सहाव्या आठवड्यात त्याने समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा किती वेळा लागतो ते मोजायला सुरुवात केली. मी ते वहीत लिहिलं नाही. सातव्या आठवड्यात एका पहाटे तो घरात नव्हता. साडेचार वाजता पनवेल स्टेशनच्या पुलावर सापडला, अनवाणी. मला बघून म्हणाला, "तुला पण त्यांनीच पाठवलं ना?"

एकोणीस दिवस ॲडमिट होता.

मॅडम माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. मला विचारायला हवा होता." मग म्हणाल्या, घरात जेवढ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन या. मी म्हटलं, मानसिकच्या ना? त्या म्हणाल्या, सगळ्या.

आमच्या घरी औषधं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. तुमच्याकडेही असेल तसला डबा. मी तो डबाच नेऊन टेबलावर उपडा केला. बीपीची, थायरॉइडची, क्रोसिन, आणि आईची ॲसिडिटीची कॅप्सूल. मॅडमनी ती कॅप्सूल उचलली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही कोण घेतं?" आई म्हणाली, "मी. आणि गणपतीपासून ह्यालाही देते रोज सकाळी, जळजळ होते म्हणाला म्हणून."

राबेप्राझोल २० मिलिग्रॅम. लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम.

लेवोसल्पिराइड म्हणजे सल्पिराइडच्या दोन आरशातल्या रूपांपैकी डावं, आणि कुलपात बसणारं ते हेच. केंब्रिजच्या त्या प्रयोगातलं औषध. ज्या पेपरावरून मी आईला व्याख्यान दिलं होतं, त्यातलं औषध आई स्वतः दादाला रोज सकाळी पाण्याबरोबर देत होती. आपल्याकडे ॲसिडिटी, गॅस, पोट फुगणं यांवर हे मिश्रण सर्रास दिलं जातं, कारण ते पोटाची हालचाल वाढवतं. आणि ते मेंदूतही पोचतं. भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टनी यामुळे हात थरथरायला लागलेल्या, पार्किन्सनसारख्या झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलंय. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडचं तेच, चक्कर येते म्हणून देतात त्या प्रोक्लोरपेराझिनचं तेच. ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या नावामागे 'डीएसआर' असतं त्यातलं डोमपेरिडोनही डोपामिनच अडवतं, पण ते बहुतांशी मेंदूबाहेर राहतं. ही सगळी औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. आईला त्या कॅप्सूलने खरंच बरं वाटत होतं. पण तिला वाटत होतं ती पोटाची गोळी आहे, आणि मॅडमना दर महिन्याला 'दुसरं काही औषध चालू आहे का' असं विचारलं जायचं तेव्हा आम्ही सगळे 'नाही' म्हणायचो. पोटाचं कोण सांगतं?

मग मॅडमनी कागदावर तारखा मांडल्या. गणपतीत कॅप्सूल सुरू. दिवाळीत दादाचा हात थरथरायला लागला. थरथर कमी व्हावी म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, जी आधी २ मिलिग्रॅम होती, ती ४ केली. जानेवारीत कर्नाळा. ट्रायहेक्सिफेनिडिल डोपामिन अडवत नाही, ॲसिटिलकोलिन अडवतं. थरथर कमी होते, पण स्मरणशक्ती आणि लक्ष दोन्ही मंदावतात. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. ही गोळी सरसकट आणि कायमची देऊ नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे दोरीजवळ उभ्या असलेल्या माझ्या दादाच्या डोक्यात त्या दिवशी चार गोष्टी होत्या. आजार स्वतः. रिस्पेरिडोन. त्याच्यावर चढलेलं लेवोसल्पिराइड. आणि त्या दोघांची थरथर झाकायला आलेली तिसरी गोळी. मी चारांतली एकच ओळखली, आणि नेमकी तीच कापली जिच्यावर तो उभा होता.

कोडमध्ये बग आला तर आधी लॉग बघायचा, काय काय बदललं, कधी बदललं. हे मी रोज ऑफिसात करतो. घरी नाही केलं.

तुम्ही विचाराल, मग डोस कमी करावा की नाही? जगातही यावर एकमत नाहीये. जपानमध्ये ताकेउची आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्थिर असलेल्या रुग्णांचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली निम्मा केला, तेव्हा बौद्धिक चाचण्यांत सुधारणा दिसली. पण तो अभ्यास छोटा होता. २०२३ मध्ये इंग्लंडचा राडार नावाचा मोठा अभ्यास आला, २५३ रुग्णांचा. त्यात काहींचा डोस महिनोन्‌महिने हळूहळू कमी केला, जमलं तर बंद. दोन वर्षांनी त्यांचं रोजचं, लोकांतलं आयुष्य सुधारलं का? दुसऱ्या गटापेक्षा फरक नाही. आजार तीव्रपणे उलटण्याचं प्रमाण मात्र २५ टक्के, गोळ्या तशाच ठेवलेल्यांत १३ टक्के. आणि उलट्या बाजूचंही सांगतो. पहिल्यांदा आजारी पडलेल्यांना योग्य डोस सुरू केल्यावर अशा चाचण्यांत थोडी सुधारणाच दिसते, यातली काही निव्वळ सरावाची असली तरी. डोक्यात चोवीस तास कोणी बोलत असेल तर पत्ते तरी कसे लावणार माणूस?

माझं मत सांगतो, डॉक्टरांचं नाही. 'गोळीने सुस्त झालाय' हे वाक्य घरच्यांनी बोलायलाच हवं. आपल्याकडे एकतर ते बोलत नाहीत, 'शांत आहे ना, मग झालं' म्हणतात, किंवा माझ्यासारखं बोलण्याऐवजी कात्री उचलतात. शांत आहे म्हणजे बरा आहे असं समजण्यात माझ्या मते आपण खूप वर्षं घालवली. आमच्या घरात या आजारावर बोलायला पहिल्यांदा शब्द मिळाले ते 'देवराई'मुळे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा सिनेमा, अतुल कुलकर्णींचा शेष. आई तो बघून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. पण सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. त्यानंतरची जी सपाट दहा वर्षं असतात, ज्यात काही घडत नाही आणि माणूस तीच भाजी, तोच शर्ट, तीच वाट धरून असतो, त्यांच्याबद्दल कोणाशी बोलायचं हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढे काय केलं ते पटकन सांगतो. रिस्पेरिडोन परत पूर्ववत. कॅप्सूल बंद, दादाची लगेच. आईची तिच्या डॉक्टरांना विचारून बदलली. थरथर दोन महिन्यांत कमी झाली. मग ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू उतरवत नेली, एकदम बंद केली तर त्याचाही त्रास होतो. ती पूर्ण सुटायला पाच महिने लागले. त्यानंतर सहा महिने काहीच बदललं नाही, मॅडमचा हट्ट. मग रिस्पेरिडोन सहावरून पाच. आता चार. प्रत्येक वेळी दादा स्वतः तिथे होता आणि 'तू बघ' म्हणायची त्याला परवानगी नव्हती. वही अजून आहे, पण आता ती तो लिहितो. झोप किती, हात कसा, आणि एक रकाना त्याने स्वतः काढलाय: 'आज काय वेगळं केलं'. बरेच दिवस तो रिकामा असतो. एका गुरुवारी लिहिलं होतं, 'केस दुसऱ्या न्हाव्याकडे. वाईट कापले.'

तो अजून अडकतो. गेल्या महिन्यात बँकेत खिडकी बदलली तर वीस मिनिटं जुन्या खिडकीसमोर उभा होता. मी लांबून बघत होतो, गेलो नाही. मग वॉचमनने सांगितलं आणि तो हलला.

आज आम्ही दोघंही आलोय. तो तिकडे बाकावर बसलाय, मला हात करतोय की आटप. मघाशी गेटबाहेरच्या टपरीवर वडापाव मागितला तर संपलेला. दादा गप्प उभा राहिला. मी मोजत होतो, सवय लागलीये. एक, दोन, तीन, चार, पाच. मग म्हणाला, "भजी आहे का? मग भजी दे. पाव वेगळा दे." टपरीवाल्याला यात काय विशेष ते कळायचं कारणच नव्हतं.

आता हे कशामुळे? कॅप्सूल गेली म्हणून, ट्रायहेक्सिफेनिडिल गेली म्हणून, चार मिलिग्रॅममुळे, की दोन वर्षं तो रकाना भरल्यामुळे, की आज फक्त भूक लागली होती म्हणून? एका रिलीजमध्ये चार बदल घातले की असंच होतं, कुठल्यामुळे काय सुधारलं ते सांगता येत नाही. आणि ते शोधायला मी यातलं काहीही परत बदलून बघणार नाहीये.

तो उठलाच. ऊन वाढायच्या आत वर जायचंय. रेकॉर्डिंग बंद करतो.